घोट्याची पट्टी

नाकमुरडे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पण खरं आडनाव आता टपालवाल्यालाही आठवत नसे. माणूस जडणकाम करणारा. टेबलाच्या पायावर काळ्या लाकडाची दोऱ्याएवढी रेघ वरपासून खालपर्यंत बसवायची आणि खाली घोट्यापाशी चारही अंगांनी नक्षीची पट्टी फिरवायची, हा त्याचा धंदा. दुसऱ्याच्या कामाला नाक मुरडणं हा जोडधंदा. कोणाकडे बसायला गेला की ख्यालीखुशाली विचारण्याआधी हा टेबलाखाली वाकणार. पट्टी कागदाची, वरून चिकटवलेली निघाली की संपलं. "शी. लाकडाला स्टिकर लावलाय," असं तोंडावर म्हणून चहाचा कप त्या टेबलावर ठेवायचासुद्धा नाही, हातात धरून बसायचा. घरच्या बाईला वाटायचं, चहा आवडला नाही. तोही आवडलेला नसायचाच.

सगळ्यात जास्त किळस त्याला यायची ती भुशाची. पट्टी नीट बसली नाही, फट राहिली, की लोक लाकडाचा भुसा सरसात कालवून तिच्यात कोंबतात, वर पॉलिश मारतात आणि गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतात, अखंड काम आहे. "आंघोळ न करता अत्तर फासणारी माणसं," तो म्हणायचा. असं काम पाहिलं की त्याला खरोखरच मळमळायचं, आणि तो ते लपवायचाही नाही.

या तडाख्यातून अख्ख्या दुनियेत एकच माणूस सुटला होता. दाजी, म्हणजे ताईचा नवरा. दोघांचा कारखाना एकच, एक लांबट खोली. खिडकीपाशी दाजींचं बाक, आतल्या अंगाला याचं. पाय दाजी करायचे. वर जाड, खाली निमुळता होत गेलेला चौकोनी पाय. चार पाय शेजारी शेजारी उभे केले तर कोणता कोणता ते ओळखू येऊ नये. म्हणून नाकमुरडे प्रत्येक पाय मापायच्या भानगडीत पडतच नसे. एका पायाची एक बाजू मापायची, सोळाच्या सोळा पट्ट्या त्याच मापाच्या कापायच्या, कोपरे तिरके करायचे आणि बसवत सुटायचं. दुसऱ्या कोणाच्या पायांवर असं केलं असतं तर तोंडघशीच पडला असता.

वकीलबाईंच्या जेवणाच्या टेबलाच्या वेळी तो दाजींच्याच पायांवर तसा तोंडघशी पडला. सरस लावण्याआधी पट्ट्या नुसत्या खाचेत ठेवून पाहिल्या, तर एका पायाचे कोपरे जुळले, दुसऱ्याच्या कोपऱ्यात नख जाईल एवढी फट, तिसऱ्यावर पट्टी बसेचना. आपलाच हात गेला असं वाटून त्याला स्वतःच्या बोटांची शिसारी आली. सगळ्या पट्ट्या फेकून नव्या कापल्या. पुन्हा तेच. तेव्हा कुठे त्याने पाय मापले. चार पाय, चार तऱ्हा. एक तर धड चौकोनीही नव्हता. त्याने खिडकीकडे पाहिलं. दाजी लाकूड नाकाला टेकवून पेन्सिलीची रेघ शोधत होते.

तो तडक ताईकडे गेला.

"दाजींच्या डोळ्यांना काय झालंय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"पायांनी."

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. "त्यांना बोलू नकोस काही. काम हातचं गेलं ना, तर माणूसही जाईल बघ. आणि तुझी जीभ म्हणजे कानस आहे नुसती."

नाही बोलणार, असं तो कबूल करून बसला. पण असले पाय तरी पुढे कसे जाऊ द्यायचे? मग दुपारी दाजी जेवायला घरी गेले की हा आतून कडी लावायचा. जाड पाय रंधून सारखे केले. बारीक झालेल्यांचा काही इलाजच नव्हता, म्हणून ते दोन नवेच करून दाजींच्या जागी ठेवले. काम चांगलं होत होतं आणि त्याला मात्र ओकारी यायची. भामट्यासारखं दाराकडे कान लावून रंधा चालवायचा, दाजींच्या बाकावरचा भुसा हातांनी गोळा करायचा, पोत्यात कोंबून मागे नेऊन टाकायचा. आणि दाजी परत आले की त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा. घरी जाऊन तो साबणाने हात धुवायचा, वास घ्यायचा आणि पुन्हा धुवायचा.

टेबल तयार झालं. वकीलबाई पाहायला आल्या. पट्टीचे कोपरे असे मिटलेले की नख फिरवलं तरी लागत नव्हते. बाईंनी पायावरून हात फिरवला.

"दाजी, पाय पाहावेत तर तुमच्याच हातचे."

नाकमुरडेने हसल्यासारखे दात दाखवले.

"बाई, हे पाय माझे नाहीत," दाजी म्हणाले. "याचे आहेत."

बाईंना तो विनय वाटला. त्या हसल्या, टेबल कधी पोचवाल ते विचारलं आणि गेल्या. नाकमुरडे दारातच उभा राहिला.

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. डोळे अधू झालेत, अंगठा नाही झाला. माझा रंधा शेवटाला जरा दाबला जातो. तुझा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहत होतो."

"ताईने शपथच घालायची बाकी ठेवली होती, दाजी. आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं ना. दोन दिवस जेवलो नसतो. मग भिंग आणलं असतं, नाहीतर रंधा तुझ्या हातात दिला असता. जे करायचं ते मी केलं असतं. आत्ता ती बाई कौतुक करत होती, तेव्हा दुसऱ्याचा सदरा घालून मिरवतोय असं वाटलं. किळस आली मला."

नाकमुरडे काहीतरी पुटपुटला. दाजींनी ऐकून घेतलं नाही.

"वाटेवरच्या माणसालासुद्धा तू तोंडावर शी म्हणतोस," ते म्हणाले. "माझी घाण मात्र पाठीमागे झाडून काढलीस. म्हणजे मी परक्याहूनही परका?"