रूपीचा तारपा

झरीच्या रघ्यासारखा तारपा वाजवणारा अख्ख्या तालुक्यात दुसरा नाही. नाकानं श्वास घ्यायचा, तोंडानं फुंकत राहायचं. नाचणारे दमतील, हा दमायचा नाही. एरवी मजुरीचा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्याची धाकटी बहीण रूपी मसोलीजवळ धनेश शेठच्या वाडीत चिकू उतरवायला जायची. एके दिवशी ती तिथल्या विहिरीत मेलेली सापडली. "पाय घसरला बिचारीचा," शेठ म्हणाला, आणि वर डोळे पुसले मेल्यानं! रूपीचा पाय घसरतो होय? शेंड्यापर्यंत खारीसारखी चढणारी पोर ती. पण गरिबाचं ऐकतो कोण?

पुढच्या पावसाळ्यात विहिरीच्या काठाला, ती पडली तिथंच, दुधीचा वेल आला. कुणी लावला नव्हता. त्याला एकच दुधी धरला, लांब मानेचा, तारप्याला हवा तसा. म्हातारी माणसं म्हणाली, "आपसूक उगवलेल्या दुधीचा तारपा करू नये रं. आत कोण बसलंय, काय ठाऊक." रघ्यानं मुद्दाम तोच तोडला. वाळवला, कोरला, बांबूच्या नळ्या मेणानं बसवल्या, ताडाच्या पानांचा भोंगा वळला. पहिली फुंकर मारली आणि आतून रूपीच बोलली, "दादा, शेठनं हात धरला. गावात सांगते म्हटलं, तर ढकलून दिलं."

रघ्याच्या अंगाची लाही लाही झाली. कोयता उचलावासा वाटला. पण कोयत्यानं मारलं तर हा तुरुंगात, आणि तो मेला तरी बिचाराच ठरणार. शेठला चार लोकांत बोलता करायचा, असं त्यानं ठरवलं.

संधी शेठनंच दिली की! वाडीत त्यानं रिसॉर्ट काढलं होतं. पाहुण्यांना जेवणाआधी तारपा नाच दाखवायला रघ्यालाच बोलावणं आलं. आमच्या नाचात तारप्याला पाठ दाखवायची नाही, तो वळेल तिकडं वळायचं. पाहुणे साखळीत शिरले. फोटोसाठी शेठही शिरला.

रघ्या वाजवत वाजवत विहिरीकडं निघाला. पाहुण्यांचे हात एकेक करून सुटले, ते हसत बाजूला झाले. शेठला काही सुटता येईना. "बस कर रे रघ्या! पाय थांबत नाहीत माझे!" काठ जवळ आला तशी त्याची बोबडी वळली. "मी ढकललं! रूपीला मीच ढकललं! सोड मला!"

सगळ्यांनी ऐकलं. हसणं बंद झालं. रघ्याला एवढंच हवं होतं. पुरे आता, पुढचं पोलीस बघतील, असं त्याला वाटलं. जित्या माणसाला विहिरीत घालणं त्याच्यानं होणार नव्हतं. त्यानं तारपा तोंडापासून काढला.

तारपा वाजतच राहिला.

शेठ रडत, नाचत काठावर चढला. रघ्याच्या हातातला दुधी तव्यासारखा तापला होता.

"बाय माझी," रघ्या म्हणाला, "एकटीनं कशाला?"

आणि त्यानं पुन्हा तोंड लावलं.