अंधार राखणारे काका

काळोखाच्या खोलीत मी मोबाईलचा टॉर्च लावला. झाडाच्या पानाला लावायची क्लिप हातातून खाली पडली होती, ती शोधायला, फार तर अर्धं मिनिट. पानं उघडीच होती. या गुन्ह्याला काकांच्या राज्यात माफी नव्हती. मी मान आत ओढून शिव्यांची वाट बघत बसलो. पण पाठमोरे काका चकार शब्द बोलले नाहीत.

काका म्हणजे आमच्या वनस्पतींच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. एकतीस वर्षं काम एकच, मोजण्याआधी पानांना वीस मिनिटं अंधार द्यायचा. कुणाच्या घड्याळाचा काटा चमकला, तरी "हा काजवा कुणाचा?" म्हणून माणसाला बाहेर काढत. मला त्यांनीच शिकवलं होतं, "पुस्तकं वाचून आलायस ना, आता ऐक. पानात हमाल असतात. उजेडात इलेक्ट्रॉनची ओझी या हातातून त्या हातात. अंधार पडला की नवं ओझं जवळजवळ येतच नाही, आणि हातातलं हळूहळू प्राणवायूच्या गळ्यात मारून गडी मोकळे होतात. मग मोजायचं."

त्या दिवशी आकडे चढे आले, म्हणजे हमाल अजून भरलेलेच होते.

"काका, उजेड शिरला होता?" माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं.

"माझ्या खोलीत? नाव काढू नका!"

मी तोंड उघडलं असतं, तर मॅडमनी पुढचं विचारलंच असतं, की मग काकांना तो दिसला कसा नाही? निवृत्तीला आठ महिने होते. डोळे अधू झाल्याचं कागदावर चढलं, की काका घरी. म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगतो. माझा प्रबंध मॅडमच्याच हातात होता, हे सांगत नाही.

'वीस मिनिटं भरली नाहीत' असा शेरा काकांच्या नावावर पडला. खोली गेली. आता वेळ मशीन लावतं, आणि काका मागच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालतात. निम्मं कुंडीबाहेर पडतं.

एकदा तिथून जाताना चपलांच्या आवाजावरून त्यांनी मला पकडलं.

"अरे शहाण्या, थांब. मिनिटं मी बोटांवर मोजली होती. एक कमी नव्हतं. मग हमाल भरलेले कसे निघाले रे? झोप लागत नाही मला. तू शिकलेला, सांग की."

"बघून सांगतो, काका."

याला तीन आठवडे झाले. मी हल्ली पुढच्या जिन्यानेच वर जातो.