मार्टनफोर्डचा बुधवार आणि वांगणीचा शुक्रवार

अंबरनाथ पश्चिमेच्या धर्मराज साळव्यांनी पुण्याच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं, पण इंग्लंडातलं मार्टनफोर्ड त्यांना तोंडपाठ होतं. ब्याऐंशी साली कारखान्यात यंत्र बसवायला तिथला एक फिटर आला. त्याने धर्मराजांना हाताखाली घेतलं आणि घरच्या आठवणीने हळवा होऊन तो महिनाभर गावाबद्दलच बोलत राहिला. तेवढ्या शिदोरीवर आमचे धर्मराज दहा वर्षं जेवले. रविवारी विहारात वंदना संपली की हे सुरू: नदी गावाला कसा वळसा घालते, दगडी पूल कुणी बांधला, बुधवारच्या बाजाराची सनद कोणत्या राजाने दिली, आणि घंटा झाल्याशिवाय कोबीचा गड्डाही विकायची कशी बंदी होती.

"धर्मा, तिथल्या मेंढ्यासुद्धा तुला ओळख देत असतील," विहारातला मित्र सुदाम म्हणायचा.

"हसा लेको! अरे, बाजार म्हणजे नुसती खरेदी नव्हे. लांबलांबची माणसं तिथं एकमेकांना भेटतात."

त्यांची बायको कौसाबाई मागे बसून हे ऐकत असे. ती स्वतः दर शुक्रवारी वांगणीच्या बाजाराला जायची. लग्नातल्या मानापानावरून धर्मराजांचं मेव्हण्याशी वाजलं, तेव्हापासून तिला माहेर बंद होतं. पण तिची आई गयाबाई बाजारात चिंचेखाली माठाच्या जुड्या घेऊन बसे. तिकडच्या कितीतरी लेकी आपल्या आयांना अशाच भेटत. नवऱ्याला हे सांगायची सोय नव्हती.

एका उन्हाळ्यात ती घामाघूम होऊन परतली आणि धर्मराजांना दया आली. त्यांनी दारावर भाजीवाला लावून दिला.

"आता कशाला वांगणीपर्यंत तंगड्या तोडतेस? राणीसारखी बस!"

स्वतःच्या या प्रेमळपणावर ते आठवडाभर खूश होते. कौसाबाईकडे भाजीशिवाय दुसरं निमित्त नव्हतं. ती बसली.

पावसाळा सरता सरता गयाबाई गेली. वाद बाजूला ठेवून धर्मराज मयताला गेले. अंगणात शेजारची चांगुणा कौसाबाईच्या गळ्यात पडली.

"शेवटपर्यंत शुक्रवार चुकवला नाही गं तिनं. सगळं विकलं तरी एक जुडी मागं ठेवायची. म्हणायची, कौसा येल."

धर्मराजांनी बायकोकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच पिशवी काढली. "चल, वांगणीला जाऊ. मी येतो ना सोबत."

"कशाला?" कौसाबाई म्हणाली, आणि दारातल्या टोपलीतली कोथिंबीर निवडू लागली.