टिकलीएवढा डाग

परवा आमच्या आसगावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले... कपाळाला टिकली न लावता. हे लिहायला किती सोपं आणि करायला किती अवघड, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

गेल्या उन्हाळ्यात दोन भुवयांच्या मधोमध खाज सुटायला लागली. मग तिथे एक पांढरा ठिपका दिसला. मी काय करावं? त्यावर जरा मोठी टिकली लावली. ठिपका वाढला, मी त्याहून मोठी आणली... शेवटी नवरा म्हणाला, "आता काय पापड चिकटवून राहिली का कपाळाले?"

गावात प्रत्येकीजवळ निदान तयार. एकीने जंत सांगितले, दुसरीने गजकर्ण. तिसरीने तर मेडिकलमधून आणलेली अर्धी वापरलेली ट्यूबच हातावर ठेवली. मीही शहाणी, ती लावली. थोडे दिवस बरं वाटलं आणि मग चेहरा असा लालेलाल झाला की विचारू नका.

खरा शब्द मात्र कुणी तोंडावर बोलत नव्हतं. कोड... तो मीच रोज आरशासमोर मनात म्हणायचे. कोड लागत नाही, त्यात कुणाचं पाप नसतं, हे सगळं मला पाठ आहे. पण मुलगी बारावीत आहे, उद्या तिच्या सोयरिकीत माझं कपाळ आडवं आलं तर? भीती काही पाठांतराला जुमानत नाही.

दिवाळीच्या आधी पवनीला बस बदलून भंडारा गाठलं. त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी आधी टिकली काढायला लावली. डोळे मिटायला सांगून डागावरून कापूस फिरवला, कळतंय का विचारलं. कळत होतं. म्हणजे डाग बधिर नाही, कुष्ठरोगाची काळजी नको, म्हणाल्या. वांगही नाही, ते तपकिरी असतं, उन्हाने वाढतं. लहान पोरांच्या गालावर फिकट डाग येतात ते बहुतेकदा कोरड्या कातडीचे, जंतांचा त्यात काही संबंध नाही. मी मान डोलवत होते, पण मला ऐकायचं होतं एकच.

मग त्यांनी माझी टिकली उचलून डागाशेजारी धरली आणि हातात आरसा दिला. दोन्ही सारखेच गोल!

टिकलीच्या मागचा गोंद हो! रोज तोच गोंद, रोज तीच जागा, आणि मी आरशाला चिकटवलेली टिकली पुन्हा पुन्हा लावणारी काटकसरी बाई. त्या गोंदातल्या केमिकलने कातडीचा रंग गेला होता. दिसतं कोडासारखंच, पण कारण बंद केलं आणि औषध घेतलं तर बऱ्याचदा रंग हळूहळू परत येतो... एवढं ऐकलं आणि मी तिथेच रडले.

अट एकच होती. कपाळाला काही लावायचं नाही. टिकली नाही, कुंकूही नाही. आणि ती ट्यूब फेकून द्यायची.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. सासूबाईंना मी आई म्हणते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून आईंचं कपाळ रिकामं. त्या एवढंच बोलल्या, "माह्या पोराले काही झालं तं?" नवरा म्हणाला, "मी काय टिकलीवर चालून राहिलो का, माय?" आई हसल्या नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू.

संक्रांतीनंतर शेजारच्या काकूंचं बोलावणं आलं. मी जाणारच नव्हते. त्या भरल्या खोलीत सगळ्यांच्या नजरा कपाळावर घेऊन बसायची हिंमत नव्हती माझी.

आईंनी विचारलं, "काहून नाही जात?" मी नुसतं कपाळाला बोट लावलं. त्या लुगडं सारखं करत उठल्या. "चाल, मी येतो संग."

आई हळदीकुंकवाला कधी जात नाहीत. त्यांना कुणी बोलावतच नाही.

काकू करंडा घेऊन माझ्यापुढे आल्या आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं. तेवढ्यात दाराजवळ उभ्या असलेल्या आई बोलल्या, "कपाळाले नोको लावू, बाई. टिकलीच्या गोंदानं कातडं गेलं तिचं, डाक्टरनं मना केलं. हाताले लाव."

काकूंनी माझ्या मनगटावर हळदीकुंकू लावलं. लगेच एकीने आपली टिकली उचकटली, "मलेही खाजते नं... पाह्य बरं." खाली लाल चट्टा. मग काय, एकेकीचं कपाळ तपासणं सुरू. त्यात वाण काय निघालं माहितीये? टिकल्यांची पाकिटं! हसून हसून पुरेवाट.

त्या गोंधळात काकू दाराशी गेल्या आणि त्यांनी आईंचा हात धरला. आई मागे सरकल्या, "मले कायले?"

"हातालेच तं लावून राहिली, आत्या," काकू म्हणाल्या. आणि लावलं.

घरी येताच मी मनगट धुतलं, कातडीला उगाच त्रास नको म्हणून. डागाच्या आत आता बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागलेत, रंग परततोय म्हणतात मॅडम. परतेल हळूहळू. मला घाई नाही.

संध्याकाळची भांडी आमच्याकडे आईच घासतात, मला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी मात्र बाजेवर बसून राहिल्या, उजवा हात मांडीवर अलगद ठेवून. म्हणाल्या, "आज तू घास." त्यांना हात भिजवायचा नव्हता.

मी पदर खोचला. सगळी भांडी घासली... दुधाचं करपलेलं पातेलंसुद्धा, आणि तेही आनंदाने.