चार तारा आणि थ्री फेज

माझी बास गिटार न वाजवताही वाजते. ॲम्पला जोडून नुसती मांडीवर घेतली तरी तिचं घूंऽऽ सुरू होतं, डब्यात भुंगा अडकल्यासारखं. तारांवर हात ठेवला की जरा दबतं, हात काढला की पुन्हा सुरू. नागपुरातून जुनीच घेतली होती. विकणारा म्हणाला होता, वापरता वापरता जाईल. कप्पाळ जाईल! दहा वर्षं झाली, भुंगा धडधाकट आहे.

गेल्या माघात एका लग्नात आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाचा संयम संपला. नवरीची पाठवणी चालली होती. कीबोर्डवर सनईची धून, बायका डोळ्याला पदर लावून, आणि मधूनच माझं घूंऽऽ. नवरीच्या मामाला वाटलं जनरेटर बिघडला. तो तरातरा गेला आणि बंद करून आला. भर मांडवात अंधार. नवरी चुकून नवऱ्याच्या मावशीच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी मालकाने मला बोलावलं. "एक तं हे दुरुस्त कर, नाही तं विकून टाक अन् दुसरी घे. पाडव्यापर्यंत सांग. नाही तं तुझं काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करते."

डावा हात! दहा वर्षं स्टेजच्या मागच्या बाजूला उभा आहे मी, आणि मला काढणार तर कोण, तर एका माणसाचा अर्धा भाग! संताप झाला. त्याहून जास्त भीती वाटली, खोटं कशाला बोलू. शेतात मी कोण, तर बाबांचा पोरगा. मांडवात मात्र लोक 'बासवाला भाऊ' म्हणून हाक मारतात. तेवढंच माझं स्वतःचं आहे.

बाबांनी माझी गिटार कधी ऐकलीच नव्हती. घरी आणली त्या दिवशी त्यांनी बोट लावून तारा मोजल्या. "दुसऱ्याइच्या गिटारले सहा राहतात ना? तुले चारच देल्ल्या? ठगवलं बे तुले दुकानदारानं!" मी सांगितलं, बासला चारच असतात. "हो, तो असाच सांगन," म्हणाले, आणि विषय संपला. तेव्हापासून मी वाजवायला बसलो की ते पावडा उचलून धानाच्या बांधीकडे निघत. उन्हातान्हात सुद्धा.

म्हणून मार्चमधल्या त्या दुपारी छपरीतल्या खाटेवरून ते जेव्हा म्हणाले, "अबे, तुझी गिटार लाव ना," तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला म्हणून राहिले का ते.

लावली. मला येणारं सगळ्यात गोड गाणं काढलं. बाबा डोळे मिटून, मान एका बाजूला कलवून ऐकत बसले. दहा वर्षं लागली, पण ऐकलं ना शेवटी!

अर्ध्या गाण्यात त्यांनी हात वर केला. "थांब बे! मधात वाजवू नको."

मी थांबलो. गिटारचं घूंऽऽ बारीक चालू होतं, ते एकदम फुगलं, दुप्पट झालं. बाबांनी डोळे उघडले. "आली," म्हणाले, चपला सरकवल्या आणि पावडा घेऊन चालते झाले.

थ्री फेज आली होती.

झालं असं की आमचं घर डीपीला, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरला, अगदी लागून आहे. उन्हाळी धानाला पाणी पाहिजे, मोटर थ्री फेजवर चालते, आणि शेतीची लाइन कधी येईल ते आमच्या लाखांदूरकडे ब्रह्मदेवाला ठाऊक. वेळापत्रक आहे, पण ते भिंतीवर शोभतं. मोबाइलच्या ग्रुपवर 'आली का' विचारणारे सगळे, सांगणारा कोणी नाही. दोघा-तिघांच्या मोटरींना आपोआप सुरू होणारा ऑटो आहे. लाइन येताच त्या चालू होत, डीपीवर भार पडे आणि माझ्या गिटारचा भुंगा माजे. बाबांनी हे बांधीकडे जाता-येता चार दिवस टिपलं, पाचव्या दिवशी फर्माईश केली.

आठवड्याभरात आमच्या टोलीतल्या सगळ्या घरांना कळलं. दुपारी जेवणं आटोपली की एकेक जण पावडा खांद्यावर टाकून आमच्या अंगणात हजर. आई चहा करून करून वैतागली. मी मध्ये खुर्चीवर, गिटार मांडीवर, ॲम्प चालू. जरा बोट तारेला लागलं आणि घूं दबलं की चारी बाजूंनी ओरडा. "हात नको ना लावू गा!" माझ्या आयुष्यातले एवढे एकचित्त श्रोते, आणि ते काय ऐकायला आले होते? मी न वाजवणं!

त्यातच दुरुस्ती की विक्री हा माझा घरगुती प्रश्न सार्वजनिक झाला. शेजारचे काका म्हणाले, "विकून राहिला तं मलेच दे. गाईच्या कोठ्यात टांगतो, डीपीकडच्या भिंतीले." मी विचारलं, वाजवता येते का? तर म्हणे, "वाजवाची कायले? तारा काढून घे तुझ्या, मले काही काम नाही त्याइचं." दुसऱ्या एकाचं मत पडलं की विकू नये, सुधारावी. मी खूश झालो. त्याची सुधारणा म्हणजे मोठा भोंगा लावून घूं पार तलावाच्या पाळीपर्यंत ऐकू जावं. बाबा नुसते म्हणाले, "धान निसवेपर्यंत काही करू नको."

धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, महिना होता, पाडव्याला आठ दिवस. मी एका सकाळी कोणाला न सांगता गिटार पाठीला लावून एसटीत बसलो. लाखनीला हायवेवर ट्रकांचे टेप आणि ॲम्प दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याने मागची पट्टी उघडली, आत तांब्याची पन्नी चिकटवली, तिची तार अर्थिंगला जोडली. ॲम्प लावला. काही नाही. चिडीचूप. मी तारेला बोट लावलं आणि एकच सूर निघाला, स्वच्छ, भरदार. दहा वर्षांत मी माझ्याच गिटारचा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो. डोळ्यात पाणी आलं माझ्या. मिस्त्री म्हणाला, "काहून जी, काही चुकलं का?"

दुपारी घरी पोचलो तर अंगण भरलेलं. गिटार जोडली. सगळे कान टवकारून. बाबा वाकले, अजून वाकले, कान पार ॲम्पला टेकवला.

"मेली का?"

"दुरुस्त झाली, बाबा."

"दुरुस्त? चांगली चालून राहिली होती, बिघडवून आणली म्हण ना!"

मी चिडून वाजवायला घेतली. दोन ओळी झाल्या नसतील तोवर अंगण रिकामं. शेवटी बाबाही उठले. डीपीकडे एकदा पाहिलं आणि बांधीकडे गेले, उगाच, लाइन आली की नाही ते न कळता. त्यांना तसं जाताना पाहून मला माझाच राग आला.

तिसऱ्या दिवशी मी परत लाखनीला. मिस्त्रीला म्हटलं, एक बटन बसवून दे. इकडे केलं की घूं बंद, तिकडे केलं की पन्नीची तार सुटली पाहिजे आणि पहिल्यासारखं घूं झालं पाहिजे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाप्पा! लोक घरघर काढाले येतात, तू ठेवाले आला?" पण बसवलं त्याने, ट्रकच्या लाइटीचं जाडजूड बटन, गिटारच्या पोटावर. दिसतं भयंकर. मालकाने पाडव्याला गिटार ऐकली, बटन पाहिलं, कपाळावर हात मारला आणि मला ठेवून घेतलं.

घरी ते बटन बाबांनी ताब्यात घेतलं. दुपारी तेच खट्ट करून घूं लावत, मी हात वर करून बसे, अंगण पुन्हा भरू लागलं.

धान निसवायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. घूं माजलं. "आली, आली," करत सगळे पांगले. बाबांनीही पावडा उचलला, दोन पावलं गेले आणि थांबले. परत आले. वाकून बटन खट्ट करून बंद केलं. घूं गेलं. मग पावडा मांडीवर आडवा घेऊन खाटेवर बसले.

"बाबा, लाइन आली ना. पाणी?"

"जातो ना," म्हणाले. "वाजव तू. चारच तारा हायेत, लागन किती वेळ?"