गॅपमामांचं तेंदूपान

गॅपमामांनी आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, पण त्यांच्या शर्टाच्या खिशात तेंदूचं एक वाळलेलं पान कायम असायचं, दोन पोस्टकार्डांच्या मध्ये जपून दाबलेलं. हे पान कशासाठी ते ज्याला ठाऊक नव्हतं, तो मामांना चक्रम समजे. ज्याला ठाऊक होतं, तो तर समजेच.

मामा आमच्या जंगलपट्टीतल्या गोरेगाव तालुक्यात एका तलावावर बोटीचं इंजिन सांभाळायचे आणि मी तिथं तिकिटं फाडायचो. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात यायला लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. बोट तलाव समितीची, आणि तिच्या मागं लटकवलेलं इंजिन कुणीतरी वापरून वापरून टाकून दिलेलं. त्याची रेसची मूठ पिळली की आधी ठिणगी लवकर पडायला लागायची आणि मग एका खुणेपाशी पेट्रोलची झडप उघडायला लागायची. त्या खुणेवर ठिणगीच्या आणि झडपेच्या पुर्ज्यांमध्ये नेमका एका तेंदूपानाएवढा गॅप हवा, असा मामांचा दंडक होता. "दुनिया लोखंडाच्या पत्तीनं गॅप मोजते," ते म्हणायचे, "पन लोखंडाले का जीव आहे?"

पान दरवर्षी नवं लागे. त्यासाठी मामा उन्हाळ्यात एसटीनं चिचगडला जात. तिथं नातलगांच्या अंगणात तेंदूपानांचे ढीग पडलेले असत. त्यांत सकाळपासून उकिडवे बसून मामा एक पान निवडत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मामा, एवढ्या उन्हाचे काऊन गेलते जी?" मामांनी पोस्टकार्डं उघडून पान दाखवलं. त्यानंतर गोरेगाव येईपर्यंत कंडक्टर त्यांच्या सीटकडे फिरकला नाही.

घरीही तीच तऱ्हा. असलं इंजिन पाण्यात ठेवूनच चालवावं लागतं, म्हणून मामा ते म्हशींच्या टाक्याला लटकवत आणि तासन् तास कान लावून बसत. म्हशी मग तीन तीन दिवस त्या पाण्याला तोंड लावत नसत. "दुधाले पेट्रोलचा वास येऊन राहिला!" मामी कडाडत. "त्या इंजिनासंगंच लगन कराचं होतं जी तुमी!" मामा शांतपणे मला म्हणत, "पाय बाबू, झडप ठिनगीच्या आधीच पेट्रोल सोडून राहिली." आधी ठिणगी, मग पेट्रोल, हे त्यांचं अख्ख्या जगाबद्दलचं मत होतं. पंगतीत भाताआधी वरण पडलं, तर ते वाढप्याला बाजूला घेऊन समजावत.

आणि मग समितीला नवे अध्यक्ष आले. त्यांनी जाहीर केलं की सोमवारी ते स्वतः बोटीत बसून पाहणार. इंजिन नीट चाललं तर राहील, नाहीतर भंगारात जाईल आणि पायानं चालवायच्या बोटी येतील. पायाच्या बोटींना गॅपमामांची काय गरज? मामांना चार घास धड जाईनात. रविवारी त्यांनी इंजिन खोलून, पुसून पुन्हा जोडलं. गॅप तेवढा सकाळच्या हवेत ठेवायचा म्हणून राखून ठेवला.

सोमवारी सकाळी मी ते पान ओढून टाकलं. मुद्दाम नाही हो! मामा पाण्यात उतरले होते आणि त्यांचा शर्ट माझ्या टेबलावर होता. माझ्याकडे तंबाखू होती, बिडी वळायला पान नव्हतं. अध्यक्ष येण्याआधी मला एक बिडी ओढायचीच होती, आणि अशा वेळी माणूस विचार करत नाही. मामा ओलेते येऊन खिसा चाचपू लागले, तेव्हा बिडी अर्धी झाली होती.

"मामा... पान..." मी बिडी पुढं केली.

मामांनी त्या बिडीकडे पाहिलं. "कशी लागली?"

"चांगली होती जी."

"असनारच. निवडून आनलं होतं पान."

त्यांनी बिडी माझ्या हातातून घेतली, विझवली, उलगडली, तंबाखू झटकली आणि उरलेल्या तुकड्यानं गॅप ठेवला. तुकडा माझ्या थुंकीनं फुगला होता. गॅप जास्त होऊन झडप उशिरा उघडणार हे त्यांना कळत होतं, पण अध्यक्ष काठावर येऊन उभे राहिले होते.

अध्यक्ष बसले. मामांनी मूठ पिळली. इंजिन नुसतंच घरघरलं. अजून पिळली, तेव्हा कुठं बोट झोपेतल्या म्हशीसारखी हलली. दहा मिनिटांच्या फेरीला पाऊण तास लागला. मी काठावर देवाचं नाव घेत होतो. अध्यक्ष उतरले ते मात्र हसत हसत. त्यांना पाण्याची भयंकर भीती होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. "असंच शांत चालाले पायजे!" ते म्हणाले. "इंजिनबी राहील, मामाबी राहतील. पन ह्या सेटिंगले कोनी हात लावाचा नाई."

मी आनंदानं उडीच मारली. मामा बोटीत तसेच बसून राहिले.

चार दिवस त्यांनी कसेबसे काढले. प्रत्येक फेरीला त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होई. पाचव्या दिवशी ते चिचगडला जाऊन आले. सहाव्या दिवशी माझ्यादेखत त्यांनी नव्या पानानं गॅप ठेवला आणि अध्यक्षांना मानानं फेरीला बोलावलं. मूठ पिळताक्षणी बोट अशी उसळली की अध्यक्षांचे पाय आभाळाकडे! तसं चाललेलं इंजिन मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. दुपारी ते भंगारात गेलं.

मामा हत्यारांची थैली सायकलला अडकवून निघाले. आता मुर्रीला, लेकाकडे राहायला जाणार होते. मला रडू आवरेना. "मामा, माझ्यामुळं गेलं जी तुमचं काम."

"तुह्यामुळं कायले जाते, बाबू?" मामा म्हणाले. "तुह्यामुळं तं वाचलं होतं. तेच तं सहन नाई झालं मले."