आवाज बंद करून देणारा

नागझिऱ्याजवळच्या गोरेगाव रोडवरच्या त्या मेकॅनिकचं नाव तोंडात घ्यायचीही मला इच्छा नाही. गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा, म्हणून हनुवटी वर करून बोलणार. गाडी आली की चाकाजवळ उकिडवा बसणार, एक बोट वर करून सगळ्यांना गप्प करणार आणि डोळे मिटून ऐकणार, जसा काही मोठा डॉक्टर. मग ठरलेलं वाक्य, "काही नाही जी, आवाज बंद करून देतो."

मी नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना जिप्सीतून फिरवतो. ब्रेक चिरकले की चितळं पळतात आणि पर्यटक माझ्यावर चिडतात. माझे चिरकायला लागले म्हणून जिप्सी त्याच्याकडे नेली. त्यानं पुढची चाकं खोलली, काहीतरी केलं, आवाज खरंच बंद झाला. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक दाबला, तर जिप्सी सागाच्या झाडाकडे घसरतच गेली. मागे एका कुटुंबाची लहान पोरं बसली होती. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. चाक खोलून पाहतो तर ब्रेक पॅड झिजून गेलेले, आणि ते बदलायचं सोडून या माणसानं त्यांना तेल फासलेलं!

तसाच त्याच्या दुकानात गेलो. त्याची स्वतःची गाडी जॅकवर होती. तो तिला नवे कोरे पॅड बसवत होता, एकेक पुसून.

"हिला काऊन तेल नाही लावत रे?" मी ओरडलो.

त्यानं सवयीनं बोट वर केलं, खर्रा थुंकला आणि अगदी सहज म्हणाला, "हिच्यात माही लेकरं बसते ना जी."